चिंच-रांगोळीनं घासलेली बंदूक

"पट्टीवर काहीच नाही," दादा दुकानदाराला म्हणाला, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाही कसं? आजोबांना संस्थानिकांच्या राज्यारोहणाच्या रौप्यमहोत्सवात भेट मिळालेली ती दुनळी बंदूक. तिच्या दस्त्यावरच्या पितळी पट्टीवर त्यांचं नाव कोरलेलं होतं. ते कुठे गेलं हे दादालाच विचारा. दर खंडेनवमीला चिंच नि रांगोळी घेऊन ती पट्टी चकचकीत होईस्तोवर घासायचा कोण? मी हात लावायला गेले की म्हणायचा, बायकांनी शस्त्राला शिवायचं नसतं.

बाबा गेले आणि बंदूक हिमायतनगरच्या एका शस्त्रविक्रेत्याकडे जमा झाली. परवाना कुणातरी वारसाच्या नावावर झाला नाही, तर ती भंगारात वितळायची. मला ती घरात हवी होती. दादाला ब्याद वाटत होती, पोलीस ठाण्याच्या चकरा कोण मारणार म्हणायचा. शेवटी ठरलं की महोत्सवाचीच आहे असं कळलं तर ठेवायची, नाहीतर देऊन टाकायची. मी नल्लकुंट्याहून रिक्षानं पोचले, तर हा निकाल लावून मोकळा.

दुकानदारानंही पट्टीवर भिंग फिरवून मान हलवली. बाजारातली असेल अम्मा, परेशान नक्को होऊ, म्हणाला. नक्को होऊ म्हणे! अहो, बाबा बंदूक खोलून तेल द्यायचे तेव्हा समोर मांडी घालून मी बसायची. दादा फक्त पूजेपुरता. मी म्हटलं, नळ्यांखालचं लाकूड काढा, तिथे कुणाची चिंच पोचलेली नाही.

त्यानं लाकूड काढलं. खाली ठसे जसेच्या तसे! नळी बार सोसते का ते तपासून मारलेला ठसा, त्याच्या शेजारी नंबर आणि एक बारीकशी पगडी. तपासणीचा तसा ठसा त्याच काळात मारायचे, पुढे तो बदलला, आणि पगडी फक्त महोत्सवाच्या भेटींवर असायची, असं त्यानं समजावून सांगितलं. बंदूक आजोबांचीच होती. मला रडू आवरेना, खोटं कशाला बोलू?

दादा असा खुलला की जणू त्यानंच शोध लावला. म्हणाला, घराण्याची वस्तू मुलाच्याच नावावर शोभते. लगेच दुकानदाराकडून ना-हरकतीचा कागद मागून माझ्यापुढे सरकवला. बाकीच्या वारसांच्या सहीशिवाय परवाना होत नाही ना.

मी पेन खाली ठेवलं. "बायकांनी शस्त्राला शिवायचं नसतं ना, दादा? मग माझी सही कशाला हवी तुला?"

आता तो नात्यात सगळ्यांना सांगतो, मी हट्टी आहे. आहेच मी. त्याच्या कागदावर मी सही केली नाही, माझ्या कागदावर त्यानं; बंदूक अजून दुकानातच आहे. यंदा खंडेनवमीला मी तिथे जाऊन हळदकुंकू वाहिलं आणि पट्टी नुसत्या कोरड्या फडक्यानं पुसली. आजोबांचं नाव काही त्यानं परत येणार नव्हतं.