फॉलीन
चुलीवर नाचणीची भाकरी जराशी करपली, की त्या वासाबरोबर मला पोशेऱ्यातली माझी पहिली संध्याकाळ आठवते. साखरशेतहून नवी नवरी म्हणून आलेली मी चुलीपाशी भाकऱ्या थापत होते, तेवढ्यात अंगणातून सासऱ्यांचा खणखणीत आवाज आला, "फॉलीन!" मला वाटलं, घरात या नावाची कोणी नणंद असेल. दीर, नणंदा, पोरंटोरं सगळी ओटीवर येऊन रांगेत उभी राहिली. सासऱ्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, "बसा" म्हणाले, तेव्हा सगळी जेवायला बसली. वाढता वाढता मी सासूबाईंना हळूच विचारलं, "आई, फॉलीन अजून आली नाही, तिचं ताट झाकून ठेवू का?" सगळं घर खो खो हसलं. सासरे तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "बाय, फौजेत रांगेत उभं करायला तसं ओरडतात. लढाईत रोज संध्याकाळी ओरडायचे, मग कळायचं, आज कोण नाही आलं. इथं सगळी येतात, ते बघायला बरं वाटतं." पुढे त्या रांगेत नातवंडं आली, पतवंडंही आली. यंदा भात झोडून झालं आणि पिकल्या वयात सासरे शांतपणे गेले. काल संध्याकाळी भाकरीचा वास सुटला, तशी सासूबाईंनीच दारातून हाक दिली, "फॉलीन!" आम्ही सगळे येऊन उभे राहिलो, आणि तसेच उभे राहिलो, "बसा" म्हणायला कोणाचं तोंडच उघडेना.