मामांनी गाडी विकली, त्याची गोष्ट

काल दुपारी मामा गेले. जेवून, हात धुऊन, मामीला "भाजीत मीठ कमी हाय" असं सांगून.

बेलापूरला ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. पण पंचक्रोशीत ओळख एकाच गोष्टीसाठी. त्यांची व्हिंटेज कार.

स्वातंत्र्याच्या आधीची, विलायती, उघड्या टपाची. एका पडक्या गोदामात तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. मामांनी ती घरी आणली आणि अर्धं आयुष्य घालवून चालू केली.

जाणकार म्हणायचे, असं मॉडेल देशात क्वचितच उरलंय.

मामी म्हणायची, "एक हाय तेच लई झालं."

मग मामांना काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, ड्रायव्हिंग बंद.

त्याच आठवड्यात मामांनी गाडी शेजारच्या गोठ्यात घातली.

"म्हस मधी आली," मामा म्हणाले.

म्हैस दाव्याला बांधलेली होती.

मामीनं फर्मान काढलं, गाडी विकायची. मी ऑनलाइन फोटो टाकले.

पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं. गाडी हॉटेलच्या लॉबीत ठेवणार होते. मामांनी त्यांना चहा पाजला आणि सांगितलं, "त्यापरीस फुलदानी घ्या."

मग पुण्याहून एक बाई आल्या. साठीच्या. जुन्या गाड्या जमवायचा नाद. आल्या आल्या ओढणी कमरेला खोचून सरळ गाडीखाली शिरल्या.

मामा बघतच राहिले. अशा माणसाशी खोटं कसं बोलायचं? तिथंच पंचाईत झाली.

"हॉर्न ट्रकचा हाय. मागची शीट आमच्या सोफ्याची. ब्रेक लागतो, पन लगीच न्हाई."

मामी मागून डोळे वटारतेय. मी घसा खाकरतोय.

गाडीखालून आवाज आला, "काका, घेऊ नका असं सांगताय का?"

"न्हाई. मागनं शिव्या देऊ नका, आसं सांगतोय."

सौदा ठरला.

न्यायच्या दिवशी ट्रेलर दारात उभा. मामा म्हणाले, "चढवायच्या आदी एक चक्कर." आम्ही ओरडेपर्यंत बाईंना शेजारी बसवून ते निघूनही गेले.

दोघांचेही मोबाईल घरीच. मामी एकदा देवापुढे, एकदा रस्त्यावर.

बऱ्याच वेळानं धुरळा उडवत गाडी आली. चालवत होत्या बाई.

आणि मामा शेजारी!

आयुष्यात कुणाला स्टिअरिंगला हात लावू न दिलेले मामा.

बाई हळूच मला म्हणाल्या, "कॅनॉलपाशी मी म्हटलं, काका, रस्ता उजवीकडे वळतोय. ते म्हणाले, कुठं? मग स्वतःच थांबवली आणि खाली उतरले."

मामा अजून सीटवरच बसलेले. मला म्हणाले, "शेजारी बसलं की गाव दिसतं रे. इतकी वर्सं नुसता रस्ताच बगत हुतो."

त्यानंतर दर रविवारी बाईंचा फोन यायचा. त्या इंजिन चालू करून फोन बॉनेटपाशी धरायच्या. मामा डोळे मिटून ऐकायचे आणि मग काय बदलायचं, काय आवळायचं, त्याचे हुकूम सोडायचे.

आज रविवार.

फोन आला. बाईंना काहीच माहीत नव्हतं. मामीनं सांगितलं. बाई फोन ठेवू लागल्या.

मग मामीच म्हणाली, "चालू करा. ऐकू द्या."

फोन स्पीकरवर टाकला. घरभर पाहुणे, सगळे उभे. इंजिन खोकलं, बंद पडलं, परत धरलं.

मामीनं पदरानं डोळे पुसले.

"आवाज बसलाय," ती म्हणाली. "ऑइल बदला, बाई."

मामा, तुम्हाला भरल्या डोळ्यांनी नमस्कार.