बंबाचा हार

आमच्या घरात कुठलीही गोष्ट ठरवायची तर तिघांनी बसून ठरवायची, अशी रीत होती. हे, सासूबाई आणि मी. या रीतीचा मला भारी अभिमान. शेजारणींकडे नवरे परस्पर पंखे आणायचे, परस्पर कपाटं आणायचे. आमच्याकडे साधा स्टोव्ह बदलायचा तरी मला विचारलं जायचं. हे माझं चाळीत चार जणींना ऐकवूनही झालं होतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट आहे. आम्ही अंबरनाथला बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या आणि मागे पत्रा घातलेली मोरी. त्या मोरीत माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा बंब होता. माझं माहेर बदलापूरच्या पलीकडे, बारवीच्या वाटेवर. आईनं दोन पावसाळे काकड्या आणि भेंड्या डोक्यावरून बाजारात नेल्या आणि त्यातून तो बंब घेतला. वर माझं नाव घालून घेतलं आणि खाली 'आईकडून'. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठलं अक्षर कुठे आहे ते ती बोट फिरवून बरोबर दाखवायची.

त्या वर्षी गणपती गेल्यावर बंब गळायला लागला. मधली नळी, जिच्यात लाकडं पेटतात, ती बुडाशी झिजली होती. थेंब थेंब पाणी निखाऱ्यांवर पडायचं, चर्र व्हायचं आणि मोरी धुरानं भरून जायची. मग एका रविवारी आम्ही तिघं बसलो.

"गिझर घेऊ," हे म्हणाले. "बटण दाबलं की पाणी. हा किती दिवस चालणार?"

"तांब्याला काय होतंय?" मी म्हटलं. "कथलाची डाक लावून घ्या, नाहीतर नळी बदला. वीस वर्षं बघायला नको."

मग आम्ही दोघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना मी आत्या म्हणायचे. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बंब तुझ्या आईनं दिलेला. तुझ्या मनाला येईल तसं."

झालं, दुरुस्त करायचं ठरलं. आत्या माझ्या बाजूनं बोलल्या म्हणून मी इतकी हरखले, की त्या दुपारी शिरा केला.

यांनी बंब रिक्षात घालून उल्हासनगरला, कॅम्प चारला नेला. बाजारात उतरते म्हणून आत्याही त्याच रिक्षात बसल्या. तिथे एक सिंधी दुकानदार होता. पुढे भांड्यांचं दुकान, मागे दुरुस्तीचं वर्कशॉप. त्यानंतर रोज संध्याकाळी मी विचारायचे आणि हे सांगायचे. जुनी नळी कापून काढली. पत्रा जाड हवा होता, तो आज आला. नळी नवी घातली, आता बुडाला डाक लावायची राहिली. यांना भाजी खारट झालीय हे सुद्धा धड सांगता यायचं नाही, कसनुसं तोंड करायचे. पण बंबाविषयी इतकं बारीकसारीक सांगायचे की मी ते शेजारणींनाही सांगत सुटले. "दिवाळीच्या आत येतोय," असं मी अख्ख्या चाळीला सांगून ठेवलं होतं.

आमच्याकडे नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरायचं असतं. बंब चिंचेनं लख्ख घासायचा, त्यावर कुंकवानं स्वस्तिक काढायचं, झेंडूचा हार घालायचा आणि पहाटेच्या अंघोळीचं पाणी भरून ठेवायचं. मला ही कामं अतिशय आवडायची. त्या दिवशी दुपार झाली तरी बंबाचा पत्ता नाही. हे कारखान्यात, पहिली पाळी. आले की आणतो म्हणाले होते, पण मला कुठला धीर? आत्यांना म्हटलं, मीच जाऊन घेऊन येते. त्या फुलं निवडत होत्या. म्हणाल्या, "कशाला दगदग करतीस? तो आणंल की." मी ऐकलं नाही.

दुकानदार मला ओळखत नव्हता. बंबाचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उजळला.

"अरे भाभी, वो बंब! तो तर दसऱ्याच्या आधीच मोडीत गेला ना. पहिल्याच दिवशी साहेब बोलले, मोड घ्या आणि गिझर द्या. मस्त पीस आहे. आज शामको घेऊन जाणार."

"दुरुस्तीला दिला होता," मी म्हटलं.

"दुरुस्ती? नाही नाही भाभी. साहेबांबरोबर माताजी पण होत्या. त्यांनीच तर पसंत केला, सफेदवाला."

मी खुळ्यासारखं विचारलं, बंब कुठे आहे? तो म्हणाला, तोडून कधीच भट्टीत गेला. मग त्याला काहीतरी चुकल्याचं लक्षात आलं असावं, कारण त्यानं मला बसायला स्टूल दिलं आणि पाणी मागवलं. मी ते प्यायले नाही.

शेअर रिक्षात बसून परत येताना मला रडू येत नव्हतं. नवऱ्याचा राग आला होता, पण तो राग ओळखीचा होता. आत्यांचं मात्र मला झेपेना. अकरा वर्षं आम्ही एका चुलीवर रांधलं होतं. यांच्याशी भांडण झालं की मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचे. त्या माझ्या बाजूच्या आहेत ही गोष्ट मी कधी तपासूनसुद्धा पाहिली नव्हती.

घरी आले तर त्या उंबऱ्यात बसून हार ओवत होत्या.

"मिळाला का गं?" त्यांनी विचारलं.

"दुकान बंद होतं," मी म्हणाले. का म्हणाले, ते अजून सांगता येत नाही. बहुतेक त्यांना अजून एक संधी द्यायची होती.

मी समोर बसले, सुई घेतली आणि दुसऱ्या टोकानं ओवायला लागले. आता सांगतील, या फुलानंतर सांगतील, असं करत परडी निम्मी झाली. मग त्यांनी हार उचलला, वितीनं मोजला आणि म्हणाल्या, "अजून दोन विती लागंल. बंबाचं पोट मोठं आहे."

त्यांचा हात जराही अडखळला नाही. मी दोन विती अजून ओवल्या.

दिवे लागायच्या वेळी हे आले, खांद्यावर खोका घेऊन. हसत होते. दिवाळीची गंमत म्हणे. मी हार खाली ठेवला आणि म्हटलं, "मी कॅम्प चारला जाऊन आलेय." यांचं हसू तिथंच राहिलं. मग मी जे बोलले ते अख्ख्या चाळीनं ऐकलं, त्यामुळे इथे परत सांगत नाही.

आत्यांनी हातातली सुई परडीत ठेवली. शेवटी म्हणाल्या, "अकरा वर्षं तो बंब पेटवला कुणी? तू उठायचीस तवा पाणी तापलेलं असायचं. फुंकून फुंकून माझ्या डोळ्यांचं काय झालंय, विचारलंस कधी?"

खरं होतं. अकरा वर्षांत मी दहा वेळाही तो पेटवला नसेल. मला लाज वाटली. पण लाजेनं राग गेला नाही.

"मग मला सांगायचं होतं."

"तुझ्या आईचा आहेर. तुला कसं सांगायचं?"

"लेकाला सांगता आलं," मी म्हटलं.

त्यांनी परडी उचलली आणि आत नेली. यांनी रात्रीच गिझर मोरीत बसवला आणि पहाटे तो हार त्याला घातला. गिझर एवढासा आणि हार बंबाच्या मापाचा. तो लोंबून खालच्या बादलीत बुडत होता. तसंच, पाकळ्या बाजूला सारत, आम्ही अभ्यंगस्नान केलं.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. आईचे गुडघे गेले होते. तिला अंबरनाथला येणं जमायचं नाही. वाटीत तेल घेऊन ती माझ्या डोक्याला लावायला बसली आणि विचारलं, "बंब सांडत व्हता ना गो? झाला का बरा?"

मी म्हणाले, "झाला. जुनी नळी कापून काढली. जाड पत्र्याची नवी घातली आणि बुडाला डाक लावली."

शब्द सगळे यांचे होते. माझ्या तोंडून ते यांच्याइतकेच सहज आले. आई खूश झाली. "जावई गुणाचा," म्हणाली. दरवर्षी ती मला बंबासाठी वाळक्या काटक्यांचं पोतं भरून द्यायची. त्या वर्षी तिनं ते दाबून दाबून भरलं. मी ते एसटीतून घेऊन आले.

दार आत्यांनी उघडलं. पोत्याकडे बघून त्या म्हणाल्या, "अगं, आईला सांगितलं नाहीस?"

"कसं सांगायचं?" मी म्हटलं. "तिचा आहेर आहे."

त्यांनी पोतं माझ्या हातातून घेतलं आणि ओढत ओढत आपल्या खाटेखाली नेऊन ठेवलं.