सहा फोटो बल्किसचे, एक मंचाचा

मलेशियातल्या मुआरमध्ये लग्न ठरलं की लोक हॉलच्या आधी रोकियाहची तारीख बघत. ती माक अंदाम, म्हणजे नवरी सजवणारी. चेहरा रंगवायचा, कपडे भाड्याने द्यायचे, नवरानवरीला बसवायचा मंच फुलांनी उभा करायचा आणि ऐन वेळी हुंदके द्यायला लागलेल्या नवरीला गप्प करायचं, हे सगळं तिच्याकडे. वय साठीला टेकलेलं, आवाज खणखणीत. नवऱ्या तिला माक लोंग म्हणत, म्हणजे थोरली मावशी, आणि तीही मावशीच्याच हक्काने त्यांना झापायची. "रड, खुशाल रड. पापणी निघाली तर दुसरी तुझ्या सासूच्या खर्चाने लावीन," असं म्हटलं की नवरी रडता रडता हसायची आणि काम पुढे सरकायचं.

वेबसाइट तिच्या मुलीने, मुनिराने केली. ती आईला माक म्हणायची. "माक, हल्लीच्या मुली फोनवर बघून ठरवतात," म्हणत तिने चांगले चांगले फोटो गोळा केले आणि एक देखणी साइट उभी केली. सगळ्यात वर बल्किस नावाच्या नवरीचा फोटो होता. अंगावर हिरवं सोंगकेत, म्हणजे जरीचं विणलेलं वस्त्र, मान जराशी वळलेली, डोळे खाली. तो बघून शेजारच्या बटू पहात गावापासून मुली यायच्या.

रजिस्टर टपालाने जाड लिफाफा आला तेव्हा रोकियाह ओट्यावर बसून नाश्त्याच्या ओताक-ओताकची, म्हणजे पानात भाजलेल्या मसालेदार माशाची, पानं सोलत होती. नाश्ता पोटात जायच्या आतच मुनिराचा चेहरा उतरला.

"काय आहे? विजेचं बिल?"

"माक, वकिलाची नोटीस आहे. आपल्या साइटवरचे सात फोटो चोरीचे आहेत म्हणे. परवानगी न घेता लावले. एकवीस हजार रिंगिट भरा, नाहीतर कोर्टात जाऊ. दोन आठवड्यांची मुदत दिलीय."

"आधी नीट वाच. नाव दुसऱ्या कुणाचं असेल."

नाव तिच्याच दुकानाचं होतं. शाळेच्या सुट्टीत लागोपाठ लग्नं असतात, त्या सगळ्या लग्नांची कमाई एकत्र केली तरी एकवीस हजार जेमतेम भरले असते. रोकियाहने पान खाली ठेवलं.

"हे पहिलंच पत्र?"

मुनिरा म्हणाली, "गेल्या महिन्यात ईमेल आला होता. मला वाटलं, लुबाडणारे आहेत. पुसून टाकला."

"मला विचारायचं तरी!"

"तू म्हणाली असतीस, पुसून टाक."

हे खरं होतं, त्यामुळे रोकियाह आणखीच चिडली. तिने कागद ओढून घेतला, चष्मा चढवला आणि फोटो कुणाचे म्हणून लिहिलंय ते शोधलं. नाव वाचलं आणि तिच्या कानांत गरम वाफ शिरल्यासारखं झालं. हझवान. फोटोग्राफर हझवान. ज्याच्याकडे धड कॅमेरा नव्हता तेव्हा तिने चार घरी शब्द टाकून त्याला कामं मिळवून दिली होती, तो. आणि येत्या शनिवारी सुंगाई आबोंग भागातल्या लग्नात नवरी तिची होती आणि फोटो त्याचे होते.

"फोन आण माझा."

"माक, नको."

"आण म्हणते ना! त्याच्या आईला ओळखते मी. बघू दे मला, कसा घेतो एकवीस हजार."

मुनिराने फोन पाठीमागे लपवला. साठीची बाई आणि तिशीची लेक घरात एकमेकींमागे दोन फेऱ्या फिरल्या. शेवटी मुनिरा रडकुंडीला येऊन म्हणाली, "तू त्याला शिव्या देशील, तो ते रेकॉर्ड करील, आणि मग काय करायचं?" तेव्हा कुठे रोकियाह मटकन बसली.

दुपारी दोघी पुआन कोकिलांच्या ऑफिसात गेल्या. कोकिलाबाई बस स्टँडच्या वरच्या मजल्यावर वकिली करायच्या. त्यांच्या धाकट्या बहिणीच्या मैत्रिणीला रोकियाहने लग्नात सजवलं होतं, एवढीच ओळख. त्यांनी नोटीस दोनदा वाचली.

"त्याला फोन केलात?"

"हिने करू दिला नाही."

"शहाणी आहे मुलगी. करू नका. भेटला तरी या विषयावर एक शब्द बोलू नका. आज घरी जाऊन साइटचं प्रत्येक पान जसंच्या तसं साठवून ठेवा, आणि मग फोटो काढून टाका. आधी साठवायचं, मग काढायचं. उलटं केलंत तर लपवाछपवी दिसेल."

"काढून टाकले म्हणजे गुन्हा कबूल केला असं नाही का होत?" मुनिराने विचारलं.

"नाही. आणि गप्प बसलात तर ते जातीलच असंही नाही. उत्तर द्यायचं, पण विचार करून. आता सांगा, हे फोटो तुमच्याकडे आले कुठून?"

मुनिराने फोन पुढे केला. सहा फोटो बल्किसचे होते. लग्नानंतर तिने स्वतःच पाठवले होते, खाली लिहिलं होतं, 'माक लोंग, तुमच्या साइटवर लावा, जगाला दिसू दे.' सातवा फोटो नुसत्या मंचाचा होता. पांढरी ऑर्किडं, मागे सोनेरी जाळी, माणूस कुणी नाही.

"हा?"

मुनिराने आईकडे बघितलं. रोकियाह म्हणाली, "तो लग्नाच्या प्रदर्शनात काढलेला. हझवानने इंटरनेटवर आपल्या पानावर टाकला होता, तिथून घे म्हणून मीच हिला सांगितलं. मंच माझा, फुलं माझी, रात्रभर बांधलं कुणी? मी. मग फोटो कुणाचा?"

"त्याचा," कोकिलाबाई म्हणाल्या.

त्यांनी यादीतल्या सातव्या फोटोवर पेनने खूण केली.

"मंच तुमचा आहे माक लोंग, पण फोटो त्याचा. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. त्याचे पैसे द्यावे लागतील, रास्त किती ते आपण बघू. पण बल्किसच्या सहा फोटोंची गोष्ट वेगळी. कुणी पैसे देऊन फोटो काढायला सांगितलं असेल आणि करारात उलट काही लिहिलेलं नसेल, तर आपल्या कायद्यात हक्क काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे ते फोटो बल्किसचे असू शकतात. तिचा करार हवा, आणि तिने तुम्हाला परवानगी दिली होती असं तिच्या सहीचं पत्र हवं. नातं बरं आहे ना तिच्याशी?"

"माझीच नवरी ती," रोकियाह ऐटीत म्हणाली. "आत्ता आणते."

बल्किस आता बटू पहातला आईच्या घरी राहत होती, तिथल्या बालवाडीत शिकवत होती. वाटेत मुनिराने हळूच सांगितलं, "तिचं लग्न मोडलं, माक. दीड वर्ष झालं." रोकियाहला हे ठाऊक नव्हतं. तिने मांडीवरचा मिठाईचा डबा उगाच इकडून तिकडे सरकवला.

बल्किसने दार उघडलं. चेहऱ्यावर काहीही लावलेलं नव्हतं. तिने वाकून रोकियाहचा हात कपाळाला लावला, आत घेतलं, चहा ठेवला. मग समोर बसून शांतपणे म्हणाली, "माक लोंग, आत्ता आठवण झाली?"

"म्हणजे?"

"तीनदा मेसेज केला. साइटवरचे माझे फोटो काढून टाका म्हणून. पहिल्यांदा विनंती केली, दुसऱ्यांदाही विनंती केली, तिसऱ्यांदा मला राग आला होता. एकाही मेसेजला उत्तर नाही."

मुनिरा घाईने फोन चाळायला लागली. अनोळखी लोकांचे मेसेज जिथे साठतात त्या कोपऱ्यात ते तिन्ही होते, न उघडलेले. बल्किसने नंबर बदलला होता. मुनिराने फोन आईपुढे धरला. रोकियाहने ते वाचले. शेवटचा मेसेज असा होता: 'माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया मला विचारतात, टीचर, हा तुमचाच फोटो ना, मग तुमचे मिस्टर असतात कुठे? मी काय सांगू?'

डबा टेबलावर ठेवून रोकियाह उठली. "चल मुनिरा. इथे काही मागायला तोंड नाही आपल्याला."

"बसा," बल्किस म्हणाली. "कशाला आला होतात ते तरी सांगा."

सांगावं लागलं. ऐकता ऐकता बल्किसच्या ओठांचा कोपरा वर गेला, पण ते हसू नव्हतं.

"म्हणजे चेहरा माझा, रंग तुमचा, आणि पैसे मागणार हझवान? त्याच्या दुकानाच्या काचेत दाराएवढा मोठा फोटो आहे माझा, माहीत आहे? मुआरला आले की मी रस्ता बदलून जाते. त्यालाही सांगितलं होतं. म्हणाला, फोटो माझा आहे."

"करार आहे तुझ्याकडे?"

ती आत गेली. बराच वेळ कपाटाची दारं वाजत होती. आली तेव्हा हातात एक पान होतं: पॅकेज, तारीख, अल्बम किती पानांचा, अनामत किती. पैसे बल्किसने स्वतःच्या पगारातून दिले होते. हक्क कुणाचा याबद्दल त्या पानावर एक ओळही नव्हती.

"मी पत्र लिहून देते," बल्किस म्हणाली. "पण खरं ते सगळं लिहीन. तेव्हा मी फोटो दिले होते, हेही. नंतर तीनदा काढा म्हटलं आणि तुम्ही काढले नाहीत, हेही."

मुनिराने आईची बाही ओढली. त्या दुसऱ्या वाक्याने प्रकरण उलटलं तर? रोकियाहने मुलीकडे बघितलंही नाही.

"दोन्ही लिही. आणि हझवानने दुकानातला फोटो उतरवावा, हेही लिही."

शनिवार आला. सुंगाई आबोंगच्या लग्नघरात पाहुण्यांची गर्दी, अंगणात मोठ्या पातेल्यांतून जेवण उकळत होतं. नवरीच्या खोलीत रोकियाह आणि हझवान यांच्यामध्ये फक्त नवरी आणि एक आरसा. हझवान दिवे लावता लावता खालच्या आवाजात म्हणाला, "माक लोंग, ते पत्र... मी पाठवलेलं नाही. क्वालालंपूरची एक कंपनी आहे. इंटरनेटवर फोटो शोधतात, पैसे वसूल करतात, निम्मे देतात. मी फक्त सही केली. तुमच्याकडे जाईल हे डोक्यातही आलं नाही."

रोकियाहच्या जिभेवर दहा उत्तरं आली. नवरी आरशातून दोघांकडे बघत होती.

"पुआन कोकिलांशी बोल," एवढंच ती म्हणाली.

"माक लोंग, ऐका तरी..."

"हझवान, नवरी घाबरतेय. तू तुझं काम कर."

कॅमेऱ्यातून बघून तो म्हणाला, "मुकुट डावीकडे झुकलाय." तिने तो त्याच्याकडे न बघता सरळ केला. दिवसभर दोघांचं बोलणं एवढंच. जेवायला मात्र तिने मागच्या अंगणातली, ड्रायव्हर लोकांच्या पंगतीतली जागा घेतली, कारण पुढे तो बसला होता.

कोकिलाबाईंनी उत्तर धाडलं. कंपनी आधी ताठ राहिली: परवानगी काढून घेतल्यावरही फोटो लावलेच ना, म्हणाली. कोकिलाबाईंनी कळवलं, त्याची दाद मागायची असेल तर बल्किस मागेल, तुम्ही कोण? फोटो हझवानचेच आहेत याचा कागद दाखवा. कागद आला नाही. मुदत उलटून गेली. त्या दिवसांत दारात पोस्टमनची मोटारसायकल थांबली की रोकियाहच्या हातातला ब्रश थांबायचा. एका नवरीची भुवई तिने तीनदा पुसून पुन्हा काढली, असं याआधी कधी झालं नव्हतं. मग कंपनीचं पत्र आलं: सहा फोटोंची मागणी मागे घेत आहोत. मंचाच्या फोटोसाठी तीन हजारांवर अडून राहिले, घासाघीस होत होत नऊशेवर आले. रोकियाहने ते भरले. पावती घेऊन खाली येताना ती मुलीला म्हणाली, "फुलं त्याहून महाग होती." कोकिलाबाईंच्या फीबद्दल मात्र ती काही बोलली नाही, कारण कोकिलाबाईंनी बिल अजून पाठवलं नव्हतं आणि ती विचारायला घाबरत होती.

बल्किसच्या पत्रामुळे हझवानला काचेतला फोटो उतरवावा लागला. भररस्त्यात दोन माणसं शिडीवर चढून तो सोडवत होती तेव्हा रोकियाह समोरच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, कॉफी पीत बसली होती. तो उतरेपर्यंत ती उठली नाही. हझवानने तिला बघितलं, हात हलवावा की नाही असा घुटमळला, आणि आत गेला. एकाच गावात काम करायचं म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा एक खोली, एक आरसा, हे दोघांनाही माहीत होतं.

आता नवरी ठरवायला आली की मुनिरा तिच्यापुढे कागद ठेवते: फोटो लावू का, किती दिवस, आणि नको झाले तर कुठल्या नंबरवर सांगायचं. मुली कंटाळतात. "माक लोंग, लग्नाच्या आधीच असलं काय विचारता?" म्हणतात. रोकियाह सांगते, "सही कर, नाहीतर मेंदी लावणार नाही."

साइटच्या वरच्या जागी कुणाचाच चेहरा नाही, नुसतं नाव आणि फोन नंबर. बल्किसला रोकियाहने स्वतः, एकेक अक्षर शोधत मेसेज टाइप केला, 'काढले. माफ कर. हरी रायाला जेवायला ये.' बल्किसने 'बघितलं, माक लोंग' एवढंच लिहिलं. हरी रायाला, म्हणजे ईदला, ती आली नाही. रोकियाहने तिच्या वाटणीचं रेंदांग, ते ईदचं मसालेदार मांस, डब्यात भरलं आणि मुनिराला गाडी काढायला सांगितलं.