निळी पावडर आणि धनजची विहीर

लॅबमधल्या बाटल्या रोज धुवून निघतात, किस्से तेवढे तळाशी साचतात! कारंज्याच्या कॉलेजात आम्ही तिघं: आमचे सर, पीएचडी करणारी वंदना आणि मी. आम्ही एक पावडर बनवलीय. पाण्यात टाकून अंधारात खास यूव्ही टॉर्च मारला की ती निळी चमकते. पाण्यात फवारणीचं औषध असलं की चमक विझते, आणि पावडर ते विष थोडंफार ओढूनही घेते. विझली की विष, एवढं लक्षात ठेवा.

*

एकदा सर ओरडले, "अरे, पावडर न टाकताच पाणी चमकतंय!" नव्या शोधाचे पेढेही आले. मग कळलं, नमुना देणाऱ्या मावशींनी बाटली आधी कपड्यांच्या साबणपावडरने घासली होती. तीही चमकते!

मावशी म्हणाल्या, "सायबाले घाण बाटली कशी द्याव?"

पेढे आम्ही खाल्ले.

*

शेलूबाजारला जीपची वाट बघताना सरांनी सहज टॉर्च लावून पाहिला. शेजारच्या दुकानदाराला वाटलं, खोट्या नोटा तपासणारे आले. घटकाभरात पाचशेच्या नोटा घेऊन रांग! सरांनी सगळ्या तपासून दिल्या. जीप गेली.

*

गावात भरदिवसा अंधार कुठून आणणार? आम्ही गोधडी पांघरून तपासतो. एका आजीबाईंनी बाहेरून विचारलं, "कोन बिमार हाये आत?"

सर आतून म्हणाले, "पाणी!"

*

धनजला जायचं वंदना टाळत होती. तिथली विहीर तिच्या आजोबांनी खोदलेली, कारण गावच्या विहिरीवर त्यांना पाणी भरू देत नसत. आज त्या विहिरीचं पाणी अख्खी वस्ती पिते, कोणालाही ना नाही.

शेवटी गेलो. गोधडीत वंदना आणि तिचे बाबा.

"इझलं!" बाबा खुशीत ओरडले. "साफ हाये ना पानी?"

"नाई बाबा. इझलं म्हंजे जहर हाये."

बाबा गोधडी बाजूला सारून सरांकडे वळले. "तुमची पावडर जहर ओढते म्हनता. मंग ओढा ना!"

"बादलीतलं ओढते. विहिरीचं अजून जमलं नाही."

बाबांनी रंगाचा डबा मागवला. वंदनाने ब्रश घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे. मीच लिवतो."

त्यांनी काठावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी पिऊ नये.' जरा थांबले. मग खाली आणखी एक ओळ लिहिली, 'चांगलं झालं की सगळ्यांना सांगू.'

'सगळ्यांना'खाली त्यांनी जाड रेघ ओढली.