डाळमिलच्या आवाजांचा अल्बम

आनंदराज लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. भूकंपात निलंग्याकडचं त्यांचं घर पडलं तेव्हा तो सात वर्षांचा होता. त्याला आणि त्याच्या आईला, पंचफुलाबाईला, लोकांनी ढिगाऱ्यातून जिवंत काढलं. थोरली बहीण धम्मप्रिया गेली. "झोपेतच गेलं लेकरू, तिला काही कळलं न्हाई," असं आई सगळ्यांना सांगायची.

पुढे आई लातूरच्या डाळमिलमध्ये कामाला लागली. त्याच मिलमधल्या यंत्रांचा खडखडाट आनंदराजने रेकॉर्ड केला, त्यावर कर्कश गिटार चढवली आणि दोन वर्षं खपून इंडस्ट्रियल मेटल या गोंगाटी संगीतप्रकाराचा अल्बम केला. इंटरनेटवर तो जेमतेम साठ जणांनी ऐकला. क्लासमधली पोरं म्हणाली, "सर, मिक्सर बिघडला का?" तोही हसला.

एका रविवारी दुपारी आईने हट्टच धरला, म्हणून त्याने तो घरी लावला. शेवटच्या गाण्यात दगड कोसळल्यासारखा गडगडाट होता आणि त्याखाली एका मुलीची बारीक हाक, हळूहळू विझत जाणारी. पंचफुलाबाईने त्याचा हात घट्ट धरला.

"तू ऐकलं होतंस व्हय रे?"

"हाव, आई."

"मला वाटलं, तू बेसुद हायस."

"मला वाटलं, तुलाच ऐकू गेलं न्हाई."

सोळा वर्षं दोघांनी एकमेकांपासून ती हाक लपवली होती.

"लई वेळ बोलवत होती रे," आई म्हणाली आणि रडू लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "लोकांना नको ऐकवू तिला."

आनंदराजने त्याच संध्याकाळी ते गाणं अल्बममधून काढून टाकलं.