बाई माझ्या शेजारी बसल्या तेव्हा

श्रीमती सुमतीबाई कोरगावकर यांची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझ्या बोटातून रक्त वाहत होते. विलेपार्ल्याच्या आमच्या कॉलेजातले ते वनस्पतिशास्त्राचे पहिलेच प्रात्यक्षिक. देठाचा पातळ छेद घेताना वस्तरा लागला. बाईंनी पट्टी बांधली, मग काचपट्टी उजेडात धरून म्हणाल्या, “छेद छान आलाय. टाकू नकोस.”

बाईंनी तेव्हा पन्नाशी ओलांडली होती. एका जागी बसणे त्यांना ठाऊकच नव्हते. आरे कॉलनीच्या रानात आम्हाला नेत, तेव्हा आम्ही मागे रखडत असू आणि बाई पुढच्या वळणाआड गेलेल्या असत. कॉलेजात मात्र त्या प्रात्यक्षिके घेणाऱ्या डेमॉन्स्ट्रेटरच राहिल्या होत्या. बी.एस्सी.नंतर लग्न, पाठोपाठ वैधव्य, मुलांची शिक्षणे; पुढे शिकणे राहून गेले. त्याबद्दल त्या अवाक्षर काढीत नसत.

मी बी.एस्सी. झाले आणि मरोळच्या घरी माझा जीव रमेना. आम्ही गावठाणातली ख्रिस्ती शेतकरी माणसे. घरात एवढे शिकलेली मीच पहिली. “शिकलीस तवरा बस झाला, गो,” वडील म्हणत. शाळेत नोकरी मिळत होती. मला एम.एस्सी. करायचे होते, पण वर्ग लांब फोर्टात, आणि वर्गात सगळे मुलगेच. दिवसभर मी अंगणातून विहिरीकडे आणि विहिरीकडून अंगणात फेऱ्या घालीत असे.

हे कानावर जाताच बाई मरोळला आल्या. वडिलांनी बसायला खाट दिली, त्या उभ्याच.

“एकटी पोर कशी धाडू, बाई?” वडिलांनी विचारले.

“एकटी कशाला? मी जाणार आहे ना तिच्याबरोबर.”

“रोज पोचवायला?”

“शिकायला.”

वडील हसले. बाई हसत नाहीत हे पाहून थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी होकार दिला.

प्राचार्यांनीही परवानगी दिली, पण बजावले, “नापास झालात तर विद्यार्थ्यांपुढे कशा उभ्या राहाल, याचा विचार करा.”

आम्ही दोघी एकाच बाकावर बसू लागलो. बाई सकाळी पार्ल्याला शिकवीत, दुपारी माझ्या शेजारी टिपणे काढीत. तिथेही त्यांचा पाय सारखा हलत असे. आनुवंशिकता हा विषय त्यांच्या वेळी नव्हताच. “परत सांग गं, न कंटाळता सांग,” असे त्या मला, आपल्या विद्यार्थिनीला, मोकळेपणाने म्हणत.

निकाल लागला. मी पास झाले, बाई नापास.

दुसऱ्या दिवशी बाईंना भेटायला गेले, पण प्रयोगशाळेच्या दारातच पाय अडखळले. आत विद्यार्थ्यांची कुजबुज चालली होती. बाई आल्या, टेबलाशी उभ्या राहिल्या.

“एम.एस्सी.त मी नापास झालेय. तुमच्या कानावर आलंच असेल. हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या, मग सूक्ष्मदर्शक काढा.”

कोणी हसले नाही. सूक्ष्मदर्शक निघाले. तेवढ्यात बाईंची नजर माझ्याकडे वळली. “आणि तू काय गं चोरासारखी उभी? पास झालीस ना? पेढे कुठायत?” मला रडू फुटले. त्यांनी मला बाहेर नेले, पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, “वाईट वाटलंय मला. पण परत बसणार आहे. तू शिकवायचंस.”

त्या वर्षभर मी बाईंना शिकवले. खरे तर मीच शिकले. पुढच्या परीक्षेत त्या पास झाल्या. प्राचार्यांनी त्यांचे अभिनंदन भर सभेत केले, आणि आज त्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात व्याख्यात्या आहेत.

आता बाईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. निकालाच्या दिवसांत त्या अजूनही अंधेरी-मरोळच्या घरांतून हिंडतात आणि पदवीनंतर घरी बसवलेल्या मुलींच्या वडिलांशी वाद घालतात. त्यांनी आता विश्रांती घ्यावी असे सगळे म्हणतात. मी मात्र दर रविवारी देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, गुडघे टेकते तेव्हा मागते ते वेगळेच. देवा, आमच्या बाईंना उदंड आयुष्य दे, धडधाकट शरीर दे. फक्त स्वस्थपणा तेवढा देऊ नकोस.